पालथ्या ताटांवरचे थेंब

आकाराम हवालदारांशी माझी ओळख भांडणातून झाली. साताऱ्यातल्या आमच्या ज्युनियर कॉलेजच्या गेटवर ते वॉचमन म्हणून नवीन लागले होते, आणि गेटवरची वही महिन्यातून एकदा तपासायचं काम प्राचार्यांनी का कोण जाणे माझ्या गळ्यात घातलं होतं. मी मराठी शिकवते, तेव्हा वह्या तपासायची सवय आहे असं त्यांना वाटलं असेल. वहीतले रकाने साधे होते. नाव, कुणाकडे काम, आत किती वाजता, बाहेर किती वाजता, शेरा. एका रविवारच्या पानावर बघते तर ठसठशीत अक्षरात लिहिलेलं : 'चिमणी. काम नाही. आत ११.२०. बाहेर ११.३५. शेरा : परत आली नाही.'

मी तणतणत गेटवर गेले.

"हवालदार, ही वही वर तपासणीला जाते. चेष्टा वाटली का तुम्हाला?"

ते खुर्चीवरून उठून ताठ उभे राहिले. "चेष्टा कशाची मॅडम? गेटातनं जे आत येईल त्ये लिवायचं, आसं तुमीच सांगितलंय न्हवं? रविवारी चिमणीच आली."

माझा राग तिथंच सांडला. पण शिक्षकाला असं लगेच हसून चालत नाही, म्हणून मी 'पुन्हा असं करू नका' म्हणाले आणि स्टाफरूममध्ये जाऊन पोट धरून हसले. मग ते पान मोबाइलवर टिपून घेतलं. कारण हसून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी तीन वर्षं ज्या गोष्टीसाठी लोकांपुढं घसा कोरडा करत होते, ती या माणसानं शेऱ्याच्या रकान्यात लिहून ठेवली होती.

आमचा हायकूवाल्यांचा एक ग्रुप आहे, नाव 'तीन ओळी'. सातारा, वाई, कराड इकडची तेवीस माणसं. बँकेतले, शाळेतले, एक दातांचे डॉक्टर, पाचगणीच्या एक स्ट्रॉबेरीवाल्या बाई. हायकू म्हणजे तीन ओळींची कविता, अक्षरं पाच, सात, पाच. तेवढ्यात एक दिसलेला क्षण ठेवायचा आणि बाजूला व्हायचं. हे 'बाजूला व्हायचं' कुणालाच जमत नाही. प्रत्येकाला शेवटी काहीतरी सांगायचंच असतं. हवालदारांना मी ग्रुपमध्ये ओढलं ते त्यांना सांगायची अजिबात हौस नव्हती म्हणून.

त्याचं कारण त्यांची आधीची नोकरी. कोरेगाव तालुक्यातल्या एका गावातला हा माणूस अठराव्या वर्षी फौजेत गेला आणि बावीस वर्षं सिग्नलमध्ये राहून हवालदार म्हणून निवृत्त झाला. डोंगरावरच्या चौकीत बसायचं आणि समोर जे दिसेल ते वायरलेसवर खाली कळवायचं. पहिल्याच महिन्यात त्यांनी 'समोर संशयास्पद शांतता' असं कळवलं होतं. साहेबांनी झाप झाप झापलं. शांतता दिसते का? मग ती संशयास्पद कशी? दिसलं तेवढं सांग, वाटलं ते तुझ्यापाशी ठेव. हवालदारांनी ते आयुष्यभरासाठी गाठीला बांधलं. त्यांचा पहिला हायकू मला अजून पाठ आहे :

परेड संपे
मैदानावर उभी
बुटांची धूळ

दातांचे डॉक्टर म्हणाले, यात भावना कुठं आहे? हवालदार म्हणाले, "डॉक्टर, धूळ बसंपर्यंत थांबा. मग सांगा." मी त्या दिवशी त्यांच्यासाठी पेढे नेले होते, ते त्यांनी सगळ्यांना वाटून टाकले.

असा माणूस ग्रुपात असला की फायदा होतो आणि तापही होतो. हवालदारांना उगाच गोड बोलता येत नाही. चांगलं असलं की 'दिसलं' म्हणायचे आणि वाईट असलं की 'न्हाई दिसलं'. एवढ्या दोन शब्दांवर त्यांनी भल्याभल्यांना रडकुंडीला आणलं. आणि सगळ्यात जास्त कुणाला आणलं असेल तर भरतेश गुरुजींना.

भरतेश गुरुजी सांगलीकडचे, त्या बाजूचे ग्रुपातले एकटेच. सत्तरी ओलांडलेली, घरची हळदीची शेती, चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी. जैन घरातला शांत, नेमस्त माणूस. शाळेत रोज सकाळी फळ्यावर सुविचार लिहायचं काम चौतीस वर्षं त्यांच्याकडंच होतं, आणि ती सवय निवृत्तीबरोबर सुटली नव्हती. दोन ओळी सुरेख जायच्या, अगदी डोळ्यांपुढं उभं करायचे, आणि तिसऱ्या ओळीत खडू उचलायचेच.

तरी दोघांची गट्टी होती. गुरुजी पहाटे उठून हायकू टाकायचे, हवालदार ड्यूटीवर जाताना 'दोन ओळी दिसल्या' असं कळवायचे. बैठकीला आले की शेजारी शेजारी बसायचे. गुरुजींना कांदा-लसूण चालत नाही म्हणून हवालदार सुनेला सांगून वेगळा डबा करून आणायचे. आणि बैठक लांबली की गुरुजी पाच-साडेपाचला तो डबा उघडून बसायचे, कारण दिवस मावळल्यावर ते जेवत नाहीत. हवालदार म्हणायचे, "गुरुजी, फौजेत आसता तर नाइट ड्यूटीला उपाशी मेला आसता." हे सगळं मी मुद्दाम सांगतेय. हे सगळं आम्हाला ठाऊक होतं.

भांडण झालं नोव्हेंबरात. पाचगणीला त्या स्ट्रॉबेरीवाल्या बाईंच्या शेतावर बैठक होती. हवा छान होती, माणसं खुशीत होती. गुरुजींनी वाचलं :

गळलं पान
वाऱ्यासंगे निघालं
मोह सोडा रे

हवालदार म्हणाले, "गुरुजी, पान निघालंय तर जाऊ द्या की त्याला. आमाला मोह सोडायला कशाला लावताय?" सगळे हसले. गुरुजीही हसले. तिथं थांबायचं होतं. पण माणसं हसली की हवालदारांना चेव चढतो. "ह्यो हायकू न्हाई, फळ्यावरचा सुविचार हाय. चौतीस वर्षं पोरांना पिडलंत, आता म्हाताऱ्यांना पिडताय व्हय?"

आता कुणी हसलं नाही. गुरुजींनी कागदाची घडी केली, पुन्हा घडी केली, खिशात ठेवली आणि 'मला गाडी गाठायची आहे' म्हणून उठले. मीही काही बोलले नाही. मॅडम म्हणवून घेते, बैठक चालवते, आणि तेव्हा नेमकी चहाचे कप गोळा करत बसले. त्याचा मला आजही राग येतो.

त्यानंतर गुरुजी ग्रुपात राहिले, पण एक अक्षर लिहिलं नाही. हवालदार रोज सकाळी मोबाइल उघडायचे आणि ठेवून द्यायचे. मी म्हणायची, "फोन करा, चुकलं म्हणा, मोकळे व्हा." ते म्हणायचे, "फोनवर कसलं चुकलं म्हणायचं? समोर जाऊन म्हणंन." मग जानेवारीच्या शेवटी कळलं, गुरुजींना मिरजेला दवाखान्यात हलवलंय, बायपास झालीय. मी म्हटलं आता तरी जा. "जातो" म्हणाले. गेले नाहीत. मी पुन्हा विचारलं तर वहीत तोंड घालून बसले.

आणि फेब्रुवारीतल्या एका शनिवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गुरुजींच्या नंबरवरून तीन ओळी आल्या :

चूल निवली
पालथ्या ताटांवर
थेंब उन्हात

ना नमस्कार, ना नाव. मी वाचलं, पुन्हा वाचलं. ही गुरुजींची कविता असूच शकत नव्हती. यात सुविचार नव्हता. घरातल्या कुणीतरी, बहुतेक त्यांच्या पत्नीनं नाहीतर मुलीनं, त्यांच्या फोनवरून हे टाकलं होतं. आणि काय टाकलं होतं ते स्पष्ट होतं. आमच्याकडं माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही.

मी गुरुजींना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. तोवर ग्रुपात एकेकाचे जोडलेले हात यायला लागले होते. सतरा जणांनी हात जोडले. कराडच्या बँकवाल्यांनी तर 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून दिवाही लावला. आणि मी, मी काय केलं? मी चार मिनिटांचा आवाजी संदेश टाकला. सांगायला लाज वाटते, पण तो फार सुंदर झाला होता. 'बघा, विझली म्हटलेलं नाही, निवली म्हटलंय. ताटं पालथी, कारण त्यात जेवणारं माणूस आता नाही. आणि ते थेंब कसले, हे कवयित्री सांगत नाही. घरात कुणी रडलंय, हे ती दाखवतही नाही. फक्त ऊन दाखवते. याला म्हणतात वातावरण.' असं बरंच. शेवटी माझा आवाज दाटून आला होता, तोही त्यात आलाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकला आकाराम हवालदार माझ्या दारात उभे. पांढरा सदरा, हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं.

"मॅडम, चला. दोनची यष्टी हाय."

"हे काय आणलंय?"

"भाकरी आन् पिठलं. कडू घास न्यायला नगो? लसूण न्हाई घातलेला. सून म्हणली बिनलसणीचं पिठलं कसं लागंल? म्हटलं, त्यांच्यात तसंच लागतं."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, दुःखाच्या घरी चूल बंद असते म्हणून भावकीतली, सोयऱ्यातली माणसं आपल्या घरून भाकरी करून नेतात आणि त्या घरच्या माणसांना आपल्या हातानं पहिला घास भरवतात. त्याला कडू घास म्हणतात. हवालदार गुरुजींच्या ना भावकीतले, ना जातीतले. पण मी पर्स उचलली. पायात चपला सरकवल्या आणि निघाले.

एसटीत ते खिडकीशी बसले, गाठोडं मांडीवर. कराडला गाडी थांबली, मी म्हटलं चहा घ्या, सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही. मान हलवली. मग गाडी सुटल्यावर एकदम म्हणाले, "हितपत्तुर आलो हुतो मी."

"कधी?"

"गुरुजी दवाखान्यात हुते तवा. केळी बी घेतली हुती. कराडला उतरलो आन् परतीच्या गाडीत बसलो."

"का पण?"

"काय म्हणू, सुचंना. चुकलं म्हणायचं का आदी तब्येत इचारायची? आदी तब्येत इचारली तर वाटंल आजारी पडलाय म्हणून आलाय. आदी चुकलं म्हटलं तर वाटंल आता मरतोय म्हणून म्हणतोय." त्यांनी गाठोड्याची गाठ सोडून पुन्हा बांधली. "आता दोन्ही बी म्हणायचं ऱ्हायलं."

मला त्यांची कीव आली आणि संतापही आला. एवढा फौजेतला माणूस, आणि एक शब्द बोलायला कराडवरून परत फिरतो? पण मीही कप गोळा केले होतेच की.

थोड्या वेळानं तेच बोलायला लागले. त्यांची आई गेली तेव्हा ते दूर चौकीत होते, निरोप मिळून घरी पोचले ते चौथ्या दिवशी. घरात शिरले तर चूल गार, ताटं कोपऱ्यात पालथी, आणि कुणी रडत नव्हतं. रडून झालं होतं सगळ्यांचं. शेजारच्या राहीबाईनं त्यांच्या तोंडात घास घातला तेव्हा त्यांना आई गेल्याचं कळलं. म्हणजे ठाऊक होतं, पण कळलं तेव्हा. "काल त्या तीन वळी वाचल्या," ते म्हणाले, "आन् मला लगीच आमचं घर दिसलं मॅडम. कोपरा बी त्योच."

सांगलीला पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. रिक्षा ठरवली, पण वाटेत उसाच्या ट्रॉल्या आडव्या. वीस मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागला. गुरुजींच्या गावात शिरलो तेव्हा दिवस मावळून गेला होता, थोडा उजेड मागं राहिला होता. सगळ्या गल्लीला शिजवलेल्या हळदीचा वास येत होता. गुरुजींच्या अंगणात हळद वाळत घातलेली, त्यावर कापड ओढलेलं. दारात चपलांचे दोनच जोड. हवालदार थबकले. दुःखाच्या घरापुढं चपलांचा ढीग असतो, एवढं कुणालाही कळतं. त्यांनी ते पाहिलं, मला माहीत आहे त्यांनी पाहिलं, पण ते तसेच पुढं गेले.

पडवीत दिवा लागलेला होता. खाटेवर उशीला टेकून, अंगावर शाल घेऊन, भरतेश गुरुजी बसले होते.

मी किंचाळले असावे, कारण आतून त्यांच्या पत्नी चंदनबाला धावत आल्या. हवालदार मात्र जागच्या जागी उभे. गाठोडं छातीशी धरलेलं. शेवटी म्हणाले :

"गुरुजी, तुमी हाय?"

"हाय की," गुरुजी म्हणाले. "का? कुठं जायचं हुतं?"

हवालदार पायरीवरच खाली बसले. दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि खांदे गदगदायला लागले. रडताहेत की हसताहेत ते मला कळेना. मला विचाराल तर मी दोन्ही करत होते. अंगावरचं एक मोठं ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवावं तसं झालं. मी मोठ्यानं 'बरं झालं, बरं झालं' म्हणत होते, आणि काय बरं झालं ते मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

चंदनबालाताईंनी पाणी आणलं. मी त्यांना सगळं सांगितलं. हायकू, चूल, सतरा हात, दिवा, सगळं. गुरुजी तोंड उघडं टाकून ऐकत होते. त्यांचा फोन बंद होता कारण डॉक्टरांनी दिवसाला अर्धा तास सांगितलेला, आणि तो अर्धा तास झाला की ताई फोन बंद करून कपाटात घालत. हायकू टाकून झाल्यावरही तेच झालं होतं. आणि आज अजून अर्ध्या तासाला सुरुवात झाली नव्हती.

"म्हंजे तो तुमीच लिहिला?" हवालदार पायरीवरून म्हणाले. "तुमी सोता?"

"मग कोण लिवणार? संध्याकाळी जेवण झालं, ही ताटं धुऊन मागच्या ओट्यावर पालथी घालत हुती. दवाखान्यातनं आल्यावर पयल्यांदा मी आतल्या खोलीत न जेवता सगळ्यांच्या पंगतीला बसून जेवलो हुतो. लय बरं वाटलं. त्येच लिहिलं." गुरुजींनी शाल सारखी केली. "तिसरी ओळ तीनदा खोडली. एकदा 'संतोष मनी' लिहिलं हुतं. तवा तुमचा आवाज आला कानात, न्हाई दिसलं म्हणून. मग खोडलं."

तोवर चंदनबालाताईंनी कपाटातून फोन आणला होता. त्यांनी हायकू पुन्हा वाचला, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा वाचला. या बाई शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या, कवितेच्या वाटेला कधी गेलेल्या नाहीत.

"आवं मॅडम," त्या म्हणाल्या, "चूल निवली म्हंजे ती आदी पेटली हुती की. न पेटलेली चूल निवंल कशी?"

मी त्यांच्या खांद्यावरून वाकून पुन्हा वाचलं.

"आन् ताटावर पाण्याचं थेंब हायत. म्हंजे ताटं आत्ताच धुतलीत. जेवल्याबिगर ताटं कोण धुतं? आन् ऊन बी हाय. दिवस हाय म्हणून तर जेवून झालंय."

पंचवीस वर्षं मी आस्वाद शिकवतेय. विद्यार्थ्यांना सांगते, कवितेत जे लिहिलंय ते आधी बघा. आणि त्या थेंबांना मी चार मिनिटं अश्रू म्हणत होते! मला तिथंच जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पण खरं सांगायचं तर लाजेपेक्षा आनंदच जास्त होता. चुकल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात कधी झालेला नाही. हवालदार नुसते मान हलवत होते. "बावीस वर्षं दिसलं तेच लिवलं, आन् काल न दिसलेलं वाचलं," एवढंच पुटपुटले.

गुरुजींनी एकेक संदेश उघडून वाचायला घेतला. सतरा जोडलेले हात मोजले. बँकवाल्यांचा दिवा पाहिला. मग माझा आवाजी संदेश लावला. मी थांबवायला गेले, पण ऐकतात कुठले? चारही मिनिटं ऐकला. शेवटी माझा आवाज दाटून येतो तेवढं पुन्हा लावलं. "लय चांगला माणूस हुतो म्हणायचा मी," ते म्हणाले आणि शाल तोंडाला लावून हसले. हसताना छातीवरच्या टाक्यांवर हात धरला होता.

"हसू नगा जास्ती," ताई ओरडल्या. मग हवालदारांकडं वळल्या. "आन् तुमच्या हातात काय हाय ते?"

हवालदारांनी गाठोडं मागं लपवायचा प्रयत्न केला. लहान मुलानं चिंच लपवावी तसा. पण ताईंना वास आला होता.

"भाकरी हाय," मी म्हटलं. "तुमच्यासाठी. म्हणजे, तुमच्यासाठी म्हणून आणली होती."

ताईंना कळलं. त्यांच्याकडंही दुःखाच्या घरी जेवण येतं. क्षणभर त्यांचा चेहरा पांढरा पडला, कारण त्या भाकरीचा अर्थ त्यांच्या कपाळावरच्या कुंकवापर्यंत जात होता. मला वाटलं, आता या रागावतील, दाराबाहेर ठेवा म्हणतील, आणि म्हणाल्या असत्या तर चुकलं नसतं. पण त्यांनी गाठोडं घेतलं, गाठ सोडली, पिठल्याच्या डब्याचं झाकण काढून वास घेतला.

"लसूण न्हाई ह्यात?"

"न्हाई ताई."

"सकाळधरनं काय खाल्लंय का तुमी?"

मी सांगितलं, चहासुद्धा घेतला नाही.

"आमचं आता चालत न्हाई, दिवस बुडाला," त्या म्हणाल्या. "पण घरात आल्याला माणूस उपाशी ठेवायचं पाप मी करणार न्हाई. तुमचीच भाकरी हाय, तुमीच खावा. मॅडम, तुमी बी बसा."

त्यांनी ताटं मांडली. गुरुजी खाटेवरून हळूहळू उतरले, मी आधार द्यायला गेले तर नको म्हणाले, आणि हवालदारांच्या समोर मांडी घालून बसले. स्वतः खाणार नव्हते, नुसते बसले. पिठलं गार होऊन घट्ट झालेलं. हवालदारांनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, आणि हात तसाच राहिला.

"गुरुजी," ते म्हणाले, "पाचगणीला माझं चुकलं. लोकं हसली आन् मला जोर चढला. तुमी उठून गेला तवाच कळलं हुतं. तवाच मागनं यायला पायजे हुतं."

आतून दूधवाल्याशी ताईंचं बोलणं ऐकू येत होतं.

"लय लागलं हुतं मला," गुरुजी म्हणाले. "घरी येऊन वही फाडायला काढली हुती. हिनं फाडू दिली न्हाई." मग त्यांनी विचारलं, "आन् मी खरंच गेलो आसतो तर? मग ह्ये कुणाला सांगितलं आसतं तुमी?"

हवालदारांच्या हातातला घास अजून हातातच होता. त्यांनी गुरुजींकडं पाहिलं, आणि दोन डोळ्यांतून पाणी सरळ खाली आलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

"ताईंना घास भरवला आसता," ते म्हणाले. "आन् गप परत गेलो आसतो. सांगायला कोण हुतं? त्येच घेऊन जगलो आसतो."

गुरुजींनी हात पुढं केला. हवालदारांचं मनगट धरलं आणि तो घास त्यांच्याच तोंडाकडं वळवला.

"खावा," ते म्हणाले. "सांगून झालंय आता."

हवालदारांनी घास खाल्ला. मग दुसरा खाल्ला. मग भूक काय असते ते त्यांना आठवलं, आणि माझ्या वाटणीची भाकरीसुद्धा त्यांनीच संपवली.